पांढरं ठेवायचंय फक्त: क्युप्रस क्लोराईडच्या प्रकल्प नोंदी

११ जून

विषय एकदाचा ठरला. वर्गातल्या सगळ्यांनी नॅनोपार्टिकल घेतलेत, दोघांनी झिंक ऑक्साईड आणि एकीनं तुळशीच्या पानांनी सिल्व्हर, आणि मी मॅडमना म्हटलं मला क्युप्रस क्लोराईड करायचंय. मॅडम म्हणाल्या, "अगं ते बीएस्सीचं प्रिपरेशन आहे, एमएस्सीच्या प्रोजेक्टला त्यात काय करणार तू?" मग फोनमधला फोटो दाखवला. आमच्या देव्हाऱ्यातलं तांब्याचं ताम्हन, पणजीच्या काळातलं, कडेला मोहरीएवढे पोपटी ठिपके, नखानं खरवडलं की पिठासारखी पूड निघते आणि खाली बारीक खड्डा. आजी दर सणाला चिंच-मीठ लावून लख्ख घासते आणि पावसाळा लागला की ठिपके परत त्याच जागी हजर. म्युझियमवाले ह्याला ब्राँझ डिसीज म्हणतात आणि त्याचं मूळ म्हणजे खड्ड्याच्या तळाशी दडलेलं क्युप्रस क्लोराईड. मॅडमनी फोटो मोठा करून बघितला. "बरं, कर. पण आधी शुद्ध बनवून दाखव, आणि पांढरं ठेवून दाखव." दुसरी अट उगाच घातली असं मला तेव्हा वाटलं.

१२ जून

आज वाचन. जे कामाचं वाटलं तेवढंच लिहून ठेवते.

रेणुभार ९९.०, घनता ४.१४ म्हणजे चिमूटभर पण हाताला जड लागणार, ४३० अंशाच्या आसपास वितळतं. रचना झिंक ब्लेंड ह्या जस्ताच्या खनिजासारखी, प्रत्येक तांब्याभोवती चार क्लोराईड. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, सोल्युबिलिटी प्रॉडक्ट (किती कमी विरघळतं त्याचं माप) १.७ गुणिले दहाचा उणे सातवा घात. हा आकडा नुसता पाठ करायचा नाहीये, सगळी गंमत त्यातच आहे, कारण सुटा क्युप्रस आयन (एक इलेक्ट्रॉन गमावलेलं तांबं) पाण्यात टिकतच नाही, त्यातले दोन एकत्र आले की एक तांबं होतो आणि एक क्युप्रिक (दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं). क्लोराईडनं त्याला घट्ट धरून खाली बसवलंय म्हणून तो वाचलाय. रंग पांढरा कारण डी-टेन, म्हणजे डी इलेक्ट्रॉनांची सगळी घरं भरलेली, एका घरातून दुसऱ्यात उडी मारून रंग द्यायला (डी-डी ट्रान्झिशन) जागाच नाही. म्हणजे माझा पदार्थ हिरवा दिसला की समजायचं त्यातला काही भाग क्युप्रिक झाला, वेगळं इन्स्ट्रुमेंट नको.

हे पहिल्यांदा बनवलं रॉबर्ट बॉईलनं, तोच वायूच्या नियमाचा बॉईल, मर्क्युरिक क्लोराईड आणि तांबं तापवून, १६६६ मध्ये, आणि नाव दिलं रोझिन ऑफ कॉपर. तांब्याचे क्लोराईड दोन आहेत हे नीट वेगळं करून दाखवलं ते प्रूस्टनं १७९९ मध्ये. निसर्गात सापडतं त्याला नँटोकाईट म्हणतात, चिलीतल्या नँटोकोवरून. जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटाच्या भागातलं नाव आणि मी ते बनवणार कोल्हापुरात, जूनमध्ये. मुहूर्त बघून घेतला म्हणायचा.

१४ जून

लॅबमधल्या कॉपर सल्फेटच्या बाटलीत तळाला दोन चमचे. लॅबचे शिपाई मामा म्हणाले नवीन मागवलंय, येईल (हे "येईल" मी एफवायपासून ऐकते). मग सरळ कृषी सेवा केंद्रात गेले आणि मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेटच) घेतलं, द्राक्षबागांना बोर्डो फवारणीसाठी लागतं तेच. दुकानदारानं विचारलं, "बाग कुठं हाय?" म्हटलं बाग नाही, प्रयोग आहे. त्यावर त्यानं पावतीवर काय लिहावं याचा बराच विचार केला.

शेतीचं मोरचूद तसंच वापरू नये, लोखंड असतं त्यात. गरम पाण्यात दोन थेंब सल्फ्युरिक टाकून विरघळवलं, गाळलं, रात्रभर न हलवता ठेवलं. सकाळी बीकरच्या तळाशी असे निळेशार तिरके खडे की फोडायला जिवावर आलं.

१७ जून, पहिला प्रयत्न

२५ ग्रॅम मोरचूद म्हणजे ०.१ मोल, ७५ मिली गरम पाण्यात. त्यात ७ ग्रॅम मीठ, आणि निळं पाणी बघता बघता हिरवट झालं, तांब्याभोवतीचं पाणी हटून क्लोराईड बसायला लागलं म्हणून. मग सोडियम सल्फाईट ७.५ ग्रॅम, ५० मिली पाण्यात. हिशोबानं ६.३ पुरतं, थोडं जास्त घेतलं. मीठ मात्र वारेमाप घालायचं नाही, क्लोराईड जास्त झालं की खाली बसलेला पीपीटी (साका) कॉम्प्लेक्स होऊन परत विरघळतो.

माझी चूक पहिल्याच मिनिटाला झाली. सल्फाईट थेंबाथेंबानं घालायचं होतं, मी घाईत अर्धं एकदम ओतलं. ठसका! रिअ‍ॅक्शनमध्ये अ‍ॅसिड तयार होतंच, ते जादाच्या सल्फाईटवर गेलं आणि सल्फर डायऑक्साईड बाहेर, डोळ्यातनं पाणी, शेजारच्या टेबलवरचे झिंक ऑक्साईडवाले उठून व्हरांड्यात. फ्यूम हूड चालू करायला मामाच धावले.

पण रंग काय बदलले! हिरव्याचा गडद मातकट तपकिरी, जवळजवळ काळा, मला वाटलं गेलं सगळं. एका द्रावणात दोन्ही प्रकारचं तांबं आणि भरपूर क्लोराईड असलं की असा काळपट रंग येतो हे नंतर वाचलं. मग ढवळता ढवळता त्या काळ्यातून पांढरं उमटायला लागलं, दूध नासल्यावर कसं फुटतं तसं, आणि दहा मिनिटात खाली पांढरा साका आणि वर फिकट निवळी.

इथवर छान. मग बुखनरवर (पंपानं खेचून गाळायचं फनेल) घेतलं, नळाच्या पाण्यानं दोनदा धुतलं, सक्शन चालू ठेवून "चांगलं कोरडं होऊ दे" म्हणून चहाला गेले. आले तर केकला (फिल्टरवरच्या साक्याला) कडेनं हिरवी किनार, साडीला असते तशी. तरी मी शहाणीनं तो ओव्हनमध्ये ११० अंशाला ठेवला, रात्रभर.

१८ जून

वॉच ग्लासवर तपकिरी-हिरवी खपली, शेणाच्या वाळलेल्या गोवरीचा रंग. वजन करायचीही इच्छा झाली नाही. मॅडमनी एकच विचारलं: "सक्शन म्हणजे काय खेचतेस तू केकमधून?" हवा. ओल्या पावडरीतून अर्धा तास पावसाळी हवा खेचली, वर नळाचं पाणी, वर ओव्हन. बिघडवायच्या तिन्ही पद्धती मी एका दिवसात वापरल्या.

२२ जून, दुसरा प्रयत्न

आज घाई नाही. सकाळीच डिस्टिल्ड वॉटर उकळून हवा घालवून गार करून ठेवलं. सल्फाईट ड्रॉपिंग फनेलनं, पंचवीस मिनिटं, सारखं ढवळत, ठसका नाही. पांढरं झालं की सगळं एक लिटर गार पाण्यात ओतलं, त्या पाण्यात आधीच एक ग्रॅम सल्फाईट आणि दोन मिली कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक. सल्फाईट हवेतल्या ऑक्सिजनला आधी आपल्या अंगावर घेतं आणि अ‍ॅसिड असलं की हायड्रोलिसिस होऊन (पाण्यानंच फुटून) पिवळट होत नाही. एवढ्या पाण्यात क्लोराईड पातळ झालं की विरघळलेलं उरलंसुरलं पण खाली येतं, बीकरमध्ये अक्षरशः बर्फ पडल्यासारखं दिसतं.

निवळी ओतून टाकली, साका फिल्टरवर, आणि इथून पुढचा नियम मी वहीच्या मुखपृष्ठावर लिहिलाय: केक उघडा पडू द्यायचा नाही. वर कायम द्रव पाहिजे. आधी त्याच सल्फाईटच्या पाण्यानं, मग ग्लेशियल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडनं (पाणी काढायला), मग अल्कोहोल, मग ईथर. प्रत्येक वेळी आधीचं संपायच्या आत पुढचं. शेवटचं ईथर निथळलं की लगेच व्हॅक्यूम डेसिकेटर (हवा काढून पदार्थ कोरडा ठेवायचं भांडं), आणि डेसिकेटरला काळं कापड, कारण उजेडानं पण काळवंडतं. ईथर असल्यामुळं त्या वेळात लॅबमध्ये एकही बर्नर पेटू दिला नाही, मामा दाराशी उभे.

दुपारी चारला उघडलं. पांढरं. टाल्कम पावडरीसारखं, पण चमच्यानं उचललं की जड, तो घनतेचा आकडा हाताला कळला. ८.३ ग्रॅम. जास्तीत जास्त ९.९ मिळू शकलं असतं, म्हणजे यील्ड ८४ टक्के. मॅडमना नेऊन दाखवलं, त्यांनी बाटली हलवून बघितली आणि म्हणाल्या, "उद्या परत दाखव."

२४ जून

परत दाखवलं. पांढरंच होतं. (बुचाला पॅराफिन लावलंय.)

प्युरिटी. ०.२५० ग्रॅम पावडर फेरिक अलमच्या (लोखंडाचा क्षार) अ‍ॅसिड द्रावणात टाकली. क्युप्रस स्वतः क्युप्रिक होतं आणि तेवढंच फेरिकचं फेरस करतं, मग ते फेरस ०.१ नॉर्मल सेरिक सल्फेटनं टायट्रेट (रंग बदलेपर्यंत थेंबाथेंबानं घालून किती लागलं ते मोजायचं), इंडिकेटर फेरॉईन. परमँगनेट घेतलं असतं तर क्लोराईडशी भांडण झालं असतं. शंभर टक्के शुद्ध असतं तर २५.२५ मिली लागलं असतं. माझी रीडिंग २४.५, २४.६, २४.६. म्हणजे ९७.४ टक्के. एन्ड पॉईंटला लाल-नारिंगी जाऊन निळसर येतो पण इथं तांब्याचा स्वतःचा रंग मध्ये लुडबुड करतो, पहिलं रीडिंग त्यामुळंच सोडून दिलं, चौथं घेतलं.

२७ जून

आज जे बघितलं ते प्रोजेक्टमध्ये बसत नाही पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. टेस्ट ट्यूब काठोकाठ अमोनियानं भरली, चिमूटभर पावडर टाकली, बूच घट्ट. विरघळलं, पाण्यासारखं बिनरंगी. मग बूच काढून नुसती स्टँडला ठेवली. वरून, जिथं हवा लागते तिथून, निळा पापुद्रा धरला आणि तो हळूहळू धाग्या-धाग्यानं खाली उतरायला लागला, कोणी वरून शाई सोडतंय असं. वीस मिनिटं मी दुसरं काही केलं नाही. मग त्यात तांब्याची तार सोडून परत बूच लावलं, दुसऱ्या दिवशीपर्यंत निळं फिकं होत होत गेलं, कारण क्युप्रिक अधिक तांबं म्हणजे परत क्युप्रस.

हेच द्रावण कार्बन मोनॉक्साईड शोषतं, जुन्या काळी धुराड्यातला वायू ह्यानंच मोजायचे. अ‍ॅसिटिलीन सोडलं तर लाल कॉपर अ‍ॅसिटिलाईड मिळतं, ते कोरडं झालं की फुटतं, म्हणून त्या वाटेला जायचंच नाही. पार्टनरला सांगितलं की सँडमायर रिअ‍ॅक्शन (क्युप्रस क्षारानं बेंझीनच्या कड्यावर क्लोरीन बसवायची) अशीच सापडलीय, १८८४ मध्ये सँडमायर क्युप्रस अ‍ॅसिटिलाईड घेऊन भलतंच काही करायला गेला आणि हाती क्लोरोबेंझीन लागलं. ती म्हणाली मग आपल्या हाती काय लागतंय बघू.

१ जुलै

आता खरा प्रोजेक्ट. पाऊस धो धो. पंचगंगा पात्राबाहेर.

तीन हवाबंद डबे (घरचे, लोणच्याचे, धुऊन). प्रत्येकाच्या तळाशी एका मिठाचं संपृक्त द्रावण, खाली थोडं न विरघळलेलं मीठ राहील असं. ह्यानं डब्यातली आर्द्रता आपोआप ठरते: मॅग्नेशियम क्लोराईड ३३ टक्के, पोटॅशियम कार्बोनेट ४३, साधं मीठ ७५. आत वाटी उपडी करून त्यावर वॉच ग्लास, त्यात १.००० ग्रॅम पावडर पसरून. डबे कपाटात, अंधारात. म्युझियमच्या कामात साधारण ४२ ते ४६ टक्क्यांच्या वर हा आजार जागा होतो असं मानतात, म्हणून मधला डबा मुद्दाम काठावरचा.

२ जुलै

मिठाचा डबा: सकाळीच फिकट पिस्ता. बाकी दोन पांढरे.

५ जुलै

मिठाचा: पूर्ण पोपटी, कडेनं ओलसर. ४३ चा: भिंग लावलं तर तुरळक हिरवे कण. ३३ चा: पांढरा.

९ जुलै

घरी कल्हईवाला आला होता, आमच्या गल्लीत आता वर्षातून एकदाच येतो. पातेलं तापवलं, नवसागर टाकला, पांढरा धूर, आणि त्याखालून तांबं कसं गुलाबी निघालं! आजीला विचारलं हे कशासाठी, ती म्हणाली, "कल्हई नसली की ताक कळकतंय." धुरामागचं मला सांगता आलं: नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराईड, तापलं की अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक होतं, ते वरचं ऑक्साईड क्लोराईड करून घेऊन जातं आणि मगच कथील धरतं. इथं क्लोराईड कामाचं, कारण नंतर वर कथलाचा थर बसतो. ताम्हनाला कल्हई नाही. आणि चिंच-मिठातलं मीठ? "पाण्यानं विसळतेस का नंतर नीट?" "विसळती की. एकदा." एकदा.

२० जुलै

टाऊन हॉल म्युझियमला गेले, ब्रह्मपुरीत सापडलेला तो पोसायडन बघायला. समुद्राचा ग्रीक देव, लहानसं ब्राँझ, पंचगंगेच्या काठच्या मातीतून १९४० च्या दशकात निघालेला. लहानपणी शाळेच्या ट्रिपला बघितला होता तेव्हा फक्त "फॉरेनचा देव" एवढंच कळलं होतं. आज काचेला नाक लावून हिरवं शोधत होते. काचेबाहेरून काही ठरवता येत नाही, घट्ट गुळगुळीत हिरवा थर म्हणजे संरक्षण आणि पिठूळ, खरवडलं की पडणारा म्हणजे आजार, आणि तिथं नख लावता येत नाही. गार्डनं दोनदा बघितलं माझ्याकडं.

२९ जुलै, वजनं

३३ चा डबा: १.००३ ग्रॅम, किंचित राखाडी झाक, पण पांढराच म्हणायचा. ४३ चा: १.०३१, ठिपकेदार. मिठाचा: १.२६२.

हा शेवटचा आकडा मला दोन दिवस झोपू देईना. पुस्तकात दिलेलं असं की चार क्युप्रस क्लोराईड, चार पाणी, एक ऑक्सिजन, मिळून दोन बेसिक क्लोराईड (अ‍ॅटाकामाईटच्या कुळातलं, तेच हिरवं पीठ) आणि दोन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. अ‍ॅसिड उडून गेलं धरलं तर वजन फक्त ८ टक्क्यांनी वाढायला पाहिजे. माझं २६ नं वाढलंय. तराजू तपासला, वॉच ग्लास परत तोलला. मॅडम म्हणाल्या, "अ‍ॅसिड उडून गेलं हे तुला कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. मग ती पोपटी पावडर पाच मिली पाण्यात ढवळून गाळली. फिल्टरवर हिरवं राहिलं, पण खाली आलेलं पाणी निळसर-हिरवं, पीएच पेपरवर ४, अमोनियाच्या दोन थेंबात गडद निळं. म्हणजे क्युप्रिक क्लोराईड! अ‍ॅसिड तिथंच राहून उरलेल्या पावडरीला लागलं. तसं धरलं तर वाढ १७ टक्के, आणि क्युप्रिक क्लोराईडनं स्फटिकात दोन-दोन पाणी घेतलं तर २९. माझे २६ ह्या दोघांच्या मध्ये येतात, आणि पावडर ओलसर का दिसत होती तेही कळलं. आज रात्री झोपेन.

६ ऑगस्ट

मग तांबं खाली असेल तर? घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी, वर चिमूटभर पावडर, मिठाच्या डब्यात आठ दिवस. आज पट्टी काढली, हिरवं ब्रशनं झाडलं. खाली खड्डा, आणि खड्ड्याच्या तळाशी मेणचट राखाडी थर. सुईनं तो उचलून अमोनियात टाकला: आधी जवळपास बिनरंगी, मग वरून निळं. क्युप्रस. नवीन तयार झालेलं, मी टाकलेलं नाही, कारण मी टाकलेलं तर वर हिरवं होऊन बसलं होतं. अ‍ॅसिड, हवा आणि तांबं मिळून परत क्युप्रस क्लोराईड, ते परत हिरवं, परत अ‍ॅसिड. आजी वरचं हिरवं घासत होती आणि खालच्याला दर सणाला मीठ देत होती.

(हे वाक्य रिपोर्टमध्ये घालायचं नाही. आजी वाचेल.)

१० ऑगस्ट

ताम्हन लॅबमध्ये आणलं. म्युझियमवाले बेंझोट्रायाझोल लावतात, ते तांब्यावर पातळ पडदा धरतं, पण ह्यातलं तीर्थ आम्ही पितो, म्हणून ते नको. दुसरा, सावकाशीचा उपाय: सोडियम सेस्क्वीकार्बोनेट, म्हणजे खायचा सोडा आणि धुण्याचा सोडा सम मोलमध्ये, पाच टक्के, डिस्टिल्ड वॉटरमध्ये. त्यात बुडवून ठेवायचं, क्लोराईड हळूहळू बाहेर येतं, पाणी बदलत राहायचं. दर वेळी जुन्या पाण्याचा थोडा नमुना नायट्रिकनं अ‍ॅसिडिक करून (फसफसतं, मोठी टेस्ट ट्यूब घ्या) सिल्व्हर नायट्रेट. दुधाळ आलं तर क्लोराईड अजून निघतंय. आधी नुसत्या सोड्याच्या पाण्याची टेस्ट घेतली, किराणा दुकानातल्या धुण्याच्या सोड्यानं स्वतःच दूध दिलं, तो बाद. लॅबचा घेतला, स्वच्छ.

१७ ऑगस्ट

पहिलं पाणी: दाट दूध. बदललं.

२४ ऑगस्ट

दुसरं: दूध, थोडं पातळ. ३३ च्या डब्यातली पावडर आज आठवडे सात पूर्ण, मॅडमच्या टेबलवर नेऊन ठेवली. त्यांनी झाकण न उघडता बघितलं आणि प्रोजेक्टच्या कागदावर पहिल्यांदा सही केली.

३१ ऑगस्ट

तिसरं: ताकाचं पाणी म्हणावं इतकंच. पण आहे. आजीचा फोन, ताम्हन कधी आणतीस, गणपती आठवड्यावर आलेत. म्हटलं यंदा स्टीलचं वापर. पलीकडं बराच वेळ शांतता, मग, "स्टीलच्या ताम्हनात गणपती? ते पाणी बदल की लवकर लवकर."

चौथं पाणी आज संध्याकाळी घातलं.